गोठा ते कत्तलखाना: बिल्ल्याचा माग (प्रकल्प नोंदी)

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

चला, परवानगीचा कागद शेवटी हातात आला, आजपासून नोंदी लिहायला घेतो. काम काय आहे ते एकदाच लिहून ठेवतो म्हणजे मधूनच वाचायला घेतलं तरी कळेल. आमच्या तालुक्यातली भाकड म्हैस किंवा रेडा गोठ्यातून निघतो, शुक्रवारच्या बाजारात उभा राहतो, तिथून हेडी (जनावरांचा व्यापारी) उचलतो आणि शेवटी नगरपालिकेच्या कत्तलखान्यात पोचतो. या सगळ्या वाटेवर कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर टिकवायचा हा अर्धा प्रकल्प. उरलेला अर्धा म्हणजे कत्तलखान्यात छाती-पोट उघडल्यावर जे रोग दिसतात त्याची बातमी परत त्या गावात पोचवायची. पहिल्या अर्ध्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे. दुसऱ्याबद्दल बोललं की लोक 'हो हो, चांगलंय' म्हणतात आणि चहा मागवतात. मला रस त्याच्यातच आहे, आधीच सांगून ठेवतो.

गाई-बैल यात नाहीत. १९७६ च्या राज्याच्या कायद्यात गाईच्या कत्तलीला बंदी होतीच, मार्च २०१५ ला त्यात बैल आणि वळू पण आले, त्यामुळे आपल्याकडे कायदेशीर कत्तलखान्यात मोठं जनावर म्हणजे म्हैसवर्गच, आणि त्यालाही आधी डॉक्टरचा दाखला लागतो.

टीम म्हणजे मी (व्हेटर्नरी डॉक्टर), एक पशुधन पर्यवेक्षक ज्यांना तालुक्यातले सगळे गोठे तोंडपाठ आहेत, आणि पुण्यात बसून फॉर्म बनवणारा एक कोडवाला मित्र.

१८ नोव्हेंबर

या आठवड्यात फिल्डवर काही होत नाही. परवा विधानसभेचं मतदान, अर्धा स्टाफ इलेक्शन ड्युटीवर, उरलेल्यांच्या डोक्यावर २१ वी पशुगणना. म्हणून बसून कागद वाचले.

बिल्ला गावागावात पोचला तो मुख्यतः लसीकरणामुळे. सप्टेंबर २०१९ ला मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या-खुरकूत (तोंडात-खुरात फोड येतात तो) आणि ब्रुसेला (जनावर गाभडतं तो) या दोन रोगांसाठी पाच वर्षांचे १३,३४३ कोटी, आणि कुठल्या जनावराला टोचलं ते कळावं म्हणून कानात पिवळा बिल्ला. आधी इनाफ या सरकारी ॲपवर नोंद व्हायची, आता भारत पशुधनवर. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी निघाला आणि तो राज्यभर पसरला, बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली, मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत मिळाली, आणि तेव्हापासून आमच्याकडे तरी 'जनावराची सरकारदरबारी नोंद असावी बाबा' हे लोकांच्या डोक्यात बसलं. त्याआधी बिल्लेवाला आला की म्हशी मळ्यात नेऊन बांधायचे.

आणि १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, बाजारात प्रवेश नाही, कत्तलखान्यातही घ्यायचं नाही. मागे २००९ चा संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा आहे. म्हणजे कागदावर साखळी पूर्ण आहे, फक्त ती एकाच दिशेने जाते. गावाकडून कत्तलखान्याकडे नंबर जातो, कत्तलखान्याकडून गावाकडे काहीच येत नाही.

२७ नोव्हेंबर

पर्यवेक्षकांबरोबर गोठे फिरलो. बिल्ला मारणं सोपं काम वाटतं पण जागा चुकली की वाट लागते. कानात आतून बघायचं, कूर्चेच्या दोन उंच पट्ट्या असतात त्यांच्या मधली सपाट जागा, शीर टाळून, टोकाकडे अजिबात नाही. टोकाला मारला की तारेत किंवा गव्हाणीच्या पट्टीत अडकतो आणि कान फाटतो, आणि मग शेतकरी पुढच्या म्हशीला हात लावू देत नाही, जे बरोबरच आहे. पावसाळ्यात तर जखमेवर माशी बसून किडे पडतात. आत्ताची थंडी या कामाला बेस्ट.

एका गोठ्यात आक्का म्हणाल्या, "बिल्ला मारा डॉक्टर, पण सुई नको, म्हस आटती." लाळ्या-खुरकूतची लस दिल्यावर दोन-तीन दिवस दूध जरा कमी येतं हे खरंच आहे, नाही म्हणून उपयोग नाही. मी म्हटलं, रोग आला तर ते वेतच गेलं म्हणायचं. त्यांनी मागच्या साली शेजारच्या गोठ्यात बघितलेलं होतं त्यामुळे जास्त बोलावं लागलं नाही. दर सहा महिन्यांनी हीच चर्चा होणार आहे कारण लसच सहा महिन्यांची आहे.

महत्त्वाचं निरीक्षण: बिल्ला पडला की नवीन मारतात, आणि जुना नंबर कोणाला आठवत नसेल तर ती म्हैस नवी म्हणून चढते. म्हणजे एकाच म्हशीचे दोन जन्म. पहिल्या नंबरवर लस, रेतन, उपचार सगळं आहे, दुसरा कोरा. पर्यवेक्षकांचा जुगाड असा की ते नंबर मारला की लगेच मालकाला म्हशीचं तोंड आणि बिल्ला एकत्र येईल असा फोटो त्याच्याच मोबाईलवर काढायला लावतात. बिल्ला हरवतो, फोटो राहतो. हे मी सगळ्यांना सांगत सुटणार आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

बाजार. पहाटे पाचला पोचलो तरी निम्मे सौदे उरकले होते. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरतोय, शेजारी उभं राहून एक आकडा कळत नाही. दात बघतात, कास बघतात, चालवून बघतात, आणि हे सगळं एका मिनिटात. बिल्ला फक्त गेटवर बघितला जातो, आहे की नाही एवढंच. नंबर कोणी वाचत नाही. पावतीवर 'म्हैस, काळी, शिंगं मागे' एवढंच वर्णन, आता काळी नसलेली म्हैस आणायची कुठून.

बाजारात एक वयस्कर दलाल आहेत, सगळे मामा म्हणतात. त्यांच्याशी बराच वेळ बोललो आणि नकाशा बदलला. मला वाटे जनावर बाजारातून थेट कत्तलखान्यात जात असेल. मामा हसले. म्हणाले माल आधी हेड्याच्या वाड्यावर जातो, दोन-तीन बाजारांचा माल तिथे जमा होतो, गाडी भरण्याएवढा झाला आणि तिकडे गिऱ्हाईक असलं की निघतो, कधी चार दिवस कधी आठ. त्यातली एखादी म्हैस बरी निघाली, गाभण वाटली तर ती परत शेतकऱ्याला विकली जाते. म्हणजे रोगाच्या हिशोबाने सगळ्यात धोक्याची जागा वाडा आहे, जिथे चार तालुक्यांची जनावरं एका हौदावर पाणी पितात आणि त्यातली काही उलट गोठ्यात जातात. आणि या वाड्याची कुठे नोंदच नाही. गोठा आहे, बाजार आहे, कत्तलखाना आहे, मधला वाडा हवेत.

हेड्यांचं म्हणणंही लिहून ठेवतो कारण ते खरं आहे. एकजण म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या मोबाईलमध्ये माझी गाडी कधी निघाली, कुठल्या रस्त्याने गेली, हे जाणार. ते अजून कोणाकोणाला दिसणार?" रस्त्यात गाड्या अडवणारे असतात, कागद पूर्ण असला तरी मारहाण होते, म्हशी आहेत हे दिसत असताना सुद्धा. त्यामुळे माहिती देणं म्हणजे त्याच्या दृष्टीने जीवावर बेतणारी गोष्ट. रोगनियंत्रणाच्या पुस्तकात हा धडा नसतो.

१३ डिसेंबर

कोडवाल्याबरोबर लांबलचक कॉल. ठरलं ते असं.

गाडीची वेळ आणि रस्ता आपल्या फॉर्ममध्ये येणारच नाही. फक्त जागा आणि तारीख: गोठा सोडला, बाजारात आला, वाड्यात शिरला, वाडा सोडला, कत्तलखान्यात उतरला. आणि वाड्याची नोंद गाडी कत्तलखान्यात पोचल्यावरच उघडणार, तोपर्यंत हेड्याच्या मोबाईलमध्येच. रोगाचा माग काढायला मागची तारीख लागते, चालू लोकेशन लागत नाही. लाळ्या-खुरकूतला मागचे १४ दिवस कळले तरी पुष्कळ, लक्षणं दिसायला जास्तीत जास्त तेवढेच धरतात. कोडवाल्याला लाईव्ह मॅप पाहिजे होता, हलणारे ठिपके वगैरे, तो नाराज झाला, होऊ दे.

ओटीपी नको. पहाटे पाच वाजता रेंज नसलेल्या मैदानात विकणारा ओटीपी शोधत बसला तर घेणारा पुढच्या दावणीला जातो.

बारकोड स्कॅन ठेवला पण त्याच्यावर भरवसा नाही. शेणाचा थर वाळला की काही वाचत नाही. नंबर हाताने दोनदा टाकायचा आणि दोन्ही जुळले तरच पुढे. कोडवाला म्हणाला इलेक्ट्रॉनिक टॅग का नाही, १३४.२ किलोहर्ट्झवाला, चिखलातूनही वाचतो. वाचतो, पण तो वेगळा बिल्ला, वेगळा रीडर, आणि त्याचा नंबर १५ आकडी, भारताचा कोड ३५६ धरून. आत्ता लाखो जनावरांच्या कानात बारा आकडी प्लास्टिक आहे, त्याच्यावरच काम भागवायचं. म्हशीच राज्यात ५६ लाख आहेत २०१९ च्या गणनेप्रमाणे.

४ जानेवारी २०२५

कत्तलखान्यात पूर्ण रात्र. काम रात्री अडीच-तीनला सुरू होतं कारण सकाळी सहाला दुकानात माल लागतो.

आधी जिवंत तपासणी. नियमाप्रमाणे (२००१ चे) एका डॉक्टरने तासाला बारापेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, आणि तपासल्यावर २४ तास विश्रांती. आमच्याकडे संख्या कमी त्यामुळे आकड्याचा प्रश्न नाही, प्रश्न उजेडाचा आहे. ट्यूबलाईटच्या उजेडात म्हशीच्या काळ्या तोंडातला फोड दिसत नाही हो. हेडलॅम्प घेतला, बाजारात शेतकरी वापरतात तोच.

आता मेन मुद्दा. बिल्ला कानात आहे आणि कान डोक्याला आहे आणि डोकं सगळ्यात आधी वेगळं होतं. त्यानंतर कातडी एकीकडे, काळीज (म्हणजे यकृत) आणि फुफ्फुस एकीकडे, आतडी एकीकडे, धड हुकावर. फुफ्फुसात काही सापडलं तर ते कोणाचं, हे पंधरा मिनिटांनी कोणीही सांगू शकत नाही. हजारो कोटी खर्चून गावात लावलेला नंबर त्या दहा पावलांत संपतो.

तिथले मुख्य कारागीर, सगळे भाई म्हणतात, त्यांनी उपाय काढला. आम्ही प्लास्टिकचे टोकन आणले होते, रक्त-पाण्यात ते निसटत होते. भाई म्हणाले, नंबर कशाला पाहिजे, क्रम ठेवा. ज्या क्रमाने जनावर आत येतं त्याच क्रमाने डोकी एका कठड्यावर, काळीज-फुफ्फुसं समोरच्या खिळ्यांवर, धड रेलवर. खिळ्यांवर १ ते १० ऑइल पेंटने लिहिले. दहा झाले की डॉक्टरने बघेपर्यंत थांबायचं, मग पुढचे दहा. बिल्ला वाचायचा तो आत घेतानाच, क्रमांकासमोर. झालं काम. साधा रंगाचा डबा. मोठ्या एक्स्पोर्ट प्लांटमध्ये हीच गोष्ट कन्व्हेयरवर होते.

एक्स्पोर्टवरून आठवलं. तिकडे धड २ ते ४ डिग्रीला २४ तास ठेवतात, मांसाचा पीएच ६ च्या खाली आला की लाळ्या-खुरकूतचा विषाणू मांसात टिकत नाही, पण हाडाच्या मगजात आणि लसिका गाठींत टिकतो, म्हणून हाडं आणि गाठी काढूनच माल जातो. आमच्याकडे पहाटे कापलेलं सकाळी विकलं जातं, थंड करणं वगैरे काही नाही. त्यामुळे इथे जे काही पकडायचं ते जिवंत असतानाच.

१० जानेवारी

छोटी पण गोड गोष्ट. उतरलेल्या म्हशींचे नंबर भारत पशुधनवर टाकले तर एकीच्या नावावर ऑगस्टमधलं कृत्रिम रेतन. हेडी म्हणतो भाकड आहे, पोट दिसत नाही. हात घालून तपासली, गाभण, साडेचार-पाच महिन्यांची. गाभण जनावर कापता येत नाही, परत पाठवली. हेडी आधी चिडला, मग त्याच्या लक्षात आलं की गाभण म्हैस म्हणून हिचा भाव वेगळा लागणार. निघताना विचारतो, "बाजारातच कळत नाही का हे नंबरवरून?" कळतं की! आता तो घ्यायच्या आधीच पर्यवेक्षकांना फोन लावून नंबर वाचून दाखवतो. आम्ही आठवडाभर समजावून जे झालं नसतं ते झालं.

याच पद्धतीने उपचारही दिसायला पाहिजेत. लाँग ॲक्टिंग टेट्रासायक्लिन दिलं की मांसासाठी तीन-चार आठवडे थांबायचं असतं. पण खाजगी उपचार ॲपवर चढतच नाहीत, त्यामुळे तो कॉलम रिकामा.

२२ जानेवारी

काल रात्री घाम फुटला. विश्रांतीच्या शेडमध्ये एक रेडा लाळ गाळतोय, पुढचा पाय झटकतोय. हेडलॅम्प लावून तोंड उघडलं, जिभेवर वरची कातडी सुटलेली. ताबडतोब शेड बंद, आत-बाहेर बंद, गमबूट सोड्याच्या पाण्यात, सोडलेल्या कातडीचा तुकडा ग्लिसरीन बफरमध्ये घालून पुण्याला औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत पाठवला. आणि माग काढायला बसलो.

गोठा: सापडला, दहा मिनिटांत. बाजाराची तारीख: सापडली. वाडा: हेड्याने नोंद केलेली होती, आठ दिवस तिथे होता, आणि त्या आठ दिवसांत तिथून दोन म्हशी परत शेतकऱ्यांना गेलेल्या. कोणाला गेल्या ते त्याला तोंडी माहीत होतं, नंबर नव्हते. पर्यवेक्षक पहाटे चारला मोटरसायकल काढून त्या दोन गावात गेले.

लोक विचारतात एवढी घाई कशाला, लाळ्या-खुरकूतने मोठं जनावर क्वचित मरतं. घाई यासाठी की लक्षणं दिसायच्या आधीच जनावर विषाणू सोडायला लागतं. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये काय झालं ते बघा. १९ फेब्रुवारीला एसेक्समधल्या कत्तलखान्यात डॉक्टरला डुकरांमध्ये फोड दिसले. माग काढत काढत पार उत्तरेला नॉर्थम्बरलँडमधल्या डुकरांच्या फार्मपर्यंत गेले, पण तोपर्यंत तिथून हवेवाटे जवळच्या मेंढ्यांना लागण झालेली, आणि त्या मेंढ्या हेक्सम आणि लाँगटाऊनच्या बाजारातून देशभर विकल्या गेलेल्या. वाहतूक बंद केली २३ तारखेला. शेवटी साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. गाईंना तिथे १९९६ पासून पासपोर्ट होता, १९९८ पासून कॉम्प्युटरवर नोंद होती, पण मेंढ्यांना तसलं काही नव्हतं. रोग तिथूनच निसटला.

३ फेब्रुवारी

औंधचा रिपोर्ट निगेटिव्ह. जिभेची जखम बहुतेक कशाने तरी भाजल्याची किंवा काहीतरी तिखट चाऱ्याची, पायाला तार लागलेली. दोन्ही गावातल्या म्हशी ठणठणीत. पर्यवेक्षकांना मी म्हटलं तुमची झोप फुकट गेली, ते म्हणाले फुकट कशी, त्या वाड्याचा मालक आता परत विकलेल्या म्हशीचा नंबर पण लिहायला लागलाय.

२० फेब्रुवारी

आता माझ्या आवडीचा भाग. खिळ्यांवरची फुफ्फुसं आणि काळीज.

दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतायत. काळजात पानासारखे चपटे किडे, लिव्हर फ्लूक, पित्तनळ्या जाड झालेल्या, सुरी घातली की करकर आवाज येतो. आणि फुफ्फुसात-काळजात पाण्याने भरलेले पांढरे फुगे, हायडॅटिड सिस्ट, लिंबाएवढे, कधी नारळाएवढे. भाईंना हे वर्षानुवर्षं माहीत आहे, ते कापून बाजूला टाकतात. बाजूला म्हणजे कुठे हा प्रश्न विचारला तेव्हा भिंतीच्या पलीकडे बसलेली कुत्री दिसली.

इथे थोडं समजावून लिहितो. हायडॅटिडचा किडा कुत्र्याच्या आतड्यात राहतो, मिलीमीटरमध्ये मोजायचा एवढासा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात, भाजीवर पडतात. म्हैस, शेळी, मेंढी चरताना ती खाते आणि तिच्या अंगात फुगे होतात. ते फुगे कुत्र्याने खाल्ले की वर्तुळ पूर्ण. माणसालाही अंड्यांमुळेच होतो, मटण खाऊन होत नाही. हे कारागिरांना तीन-तीनदा सांगावं लागलं कारण त्यांचा पहिला प्रश्न 'माल खराब का?' हाच होता. खराब तो अवयव, तो फेकायचा, पण कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही असा.

पहिलं काम आजच झालं: भिंतीला जाळी, आणि फेकायच्या अवयवांना झाकणाची कुलूपवाली पेटी.

७ मार्च

गाववार यादी काढली. इथे एक फसवं वळण आहे. फुगा वाढायला महिने, वर्षं लागतात. म्हातारी म्हैस शेवटची ज्या गोठ्यात होती तिथेच तिला तो झाला असं म्हणता येत नाही, ती दोन वेतांपूर्वी दुसरीकडून आणलेली असू शकते. त्यामुळे शेवटचा मालक बघून उपयोग नाही, बिल्ला पहिल्यांदा कुठे लागला ते गाव बघायचं. दोन्ही एकच असेल तरच धरायचं, नाहीतर सोडून द्यायचं. यादी बरीच आखडली, पण जी उरली ती भरवशाची.

फ्लूकचं चित्र तर स्वच्छच आहे, जवळपास सगळी कालव्याच्या शेपटाकडची गावं, जिथे पाणी झिरपून शेवाळ आणि गोगलगायी असतात. हे कोणालाही आधीच सांगता आलं असतं, तरी आता नावासकट आहे.

हायडॅटिडमध्ये एक गाव ठळक निघालं. तिथे म्हशी कमी, मेंढ्या-शेळ्या जास्त. पर्यवेक्षक लगेच म्हणाले, "अहो तिथे कंदुऱ्या." जत्रेला, नवसाला, बकरं देवाला पडतं, घरोघरी जेवणं, आणि आतडी-फुफ्फुसं गावाच्या कडेला ओढ्यात. कुत्र्यांची दिवाळी. म्हैस बिचारी फक्त सांगतेय, खरा फेरा मेंढी आणि कुत्र्यामध्ये चाललाय. म्हणजे मेंढ्यांना बिल्ला नाही, कुत्र्याला बिल्ला नाही, तरी म्हशीच्या बिल्ल्यावरून कळलं.

२५ मार्च

गावात पत्र घेऊन गेलो. पत्र एका पानाचं, नावं कोणाची नाहीत, फक्त गाव आणि काय सापडलं त्याचा फोटो. शेतकऱ्याचं नाव घातलं असतं तर पुढच्या वेळी त्याने बिल्ला काढूनच म्हैस विकली असती.

फोटो बघून पारावर एकदम शांतता. मग एका आजोबांनी विचारलं, "आमची म्हस गेली, पैसे मिळाले, आता तिच्या पोटात काय होतं ते तुम्ही आम्हाला का सांगताय?" प्रामाणिक प्रश्न. मी म्हटलं, तुमच्या गोठ्यातल्या बाकीच्या म्हशी आणि तुमची नातवंडं तिथेच आहेत म्हणून. कुत्र्याला हात लावून तशीच भाकरी खाणारी पोरं समोरच बसलेली होती.

जत्रेबद्दल मी काही बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. देवाच्या कामात डॉक्टरने सल्ला दिला की गाव तुमचं बाकीचं पण ऐकत नाही. सरपंचबाईंनीच विषय काढला, त्या म्हणाल्या बकरी पडणार ती पडणार, पण मागचं सगळं एका खड्ड्यात टाकू, जेसीबी आहेच गावात. खोल खड्डा, वर चुना, वर माती. आणि गावातल्या पाळीव कुत्र्यांना प्राझिक्वांटेलच्या (जंताच्या) गोळ्या, त्या मी दिल्या. वजनावर डोस, किलोला ५ मिलिग्रॅम. साधारण दीड महिन्याने परत, कारण किडा तेवढ्यात पुन्हा अंडी घालण्याएवढा होतो. भटक्या कुत्र्यांचं काय हा प्रश्न आहेच, चिकनच्या तुकड्यात गोळी घालून पोरांनी जमेल तेवढ्यांना दिली, अर्धी गोळी थुंकणारी कुत्री पण बघितली.

१६ एप्रिल

चैत्र पौर्णिमेला जत्रा झाली. खड्डा खरंच खणला होता. काही घरांनी त्यात टाकलं, काहींनी सवयीने ओढ्यातच. पर्यवेक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी बघून आले, म्हणाले अर्धं-अर्धं म्हणा. पहिल्या वर्षाला मी यावर खूश आहे. सरपंचबाई नाहीत, त्या ओढ्याकडे टाकणाऱ्या घरांची यादी करून बसल्यात.

फुफ्फुसातले फुगे कमी झाले का हे आत्ता विचारू नये. या वर्षी जन्मलेल्या जनावरांची फुफ्फुसं कत्तलखान्यात दिसायला कितीतरी वर्षं जातील. त्याआधी बघायचं असेल तर कुत्र्यांची विष्ठा तपासावी लागेल, त्यासाठी व्हेटर्नरी कॉलेजला पत्र टाकलंय. नमुने गोळा करायचे ते हातमोजे घालून आणि उणे ८० डिग्रीला काही दिवस ठेवूनच उघडायचे, अंडी फार चिवट असतात, साध्या डीप फ्रीझरवर भरवसा ठेवायचा नाही.

२४ एप्रिल

राहिलेली कामं लिहून ठेवतो.

कत्तलखान्यातल्या माणसांचे हातमोजे. भाई वगळता कोणी घालत नाही, पकड सुटते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ब्रुसेला कासेतून, गर्भाशयातून, हाताच्या चिरेतून येतो, आणि मग महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, डॉक्टर मलेरिया म्हणून औषध देत राहतो. ग्रामीण रुग्णालयात बोललो, कारागिरांची रक्ततपासणी एकदा करून घेऊ म्हणाले. गावाकडे वगारींना (म्हशीच्या मादी पिल्लांना) चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते, तिची यादी बिल्ल्यावरून काढायला कोडवाल्याला सांगितलंय, वय उलटलं की संधी गेली.

दुसऱ्या हेड्याचा वाडा अजून नोंदीत नाही. तो म्हणतो आधी पहिल्याला काही त्रास होतो का बघू. बघू दे.

कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना फ्लूकचं औषध पावसाळा संपल्यावर द्यायचंय, आत्ता देऊन पैसे वाया. पाटबंधारेवाल्यांकडून आवर्तनाच्या तारखा मागितल्यात.

कुत्र्यांचा पुढचा डोस मे च्या दुसऱ्या आठवड्यात, गोळ्या पर्यवेक्षकांच्या कपाटात आहेत, वरचा कप्पा, डावीकडे.